हत्तीच्या चित्रासोबत माहुताचा हातही दिसू द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत तो हत्तीचा फोटो आलाय ना, सोंडेत ब्रश धरून कॅनव्हासवर फूल काढणारा, आणि वर मोठ्या अक्षरात की प्राणीसुद्धा आता आर्टिस्ट झाले, त्यावर लिहितेय. फोटो सुंदरच आहे. पण नीट बघितलं तर फोटोच्या कडेला हत्तीच्या कानाजवळ एक माणूस उभा आहे, अर्धा कापला गेलाय, आणि त्याच्याबद्दल बातमीत एक अक्षरही नाही. हा विषय मी बरीच वर्षं आवडीने वाचते आणि मला खरंच वाटतं की सगळी गोष्ट त्या माणसापाशी आहे, म्हणून हे पत्र, थोडं लांबेल पण कृपया पूर्ण वाचा.

थायलंडमधे टुरिस्टांसाठी हत्तींचे असे शो होतात. डेस्मंड मॉरिस हे ब्रिटिश प्राणीशास्त्रज्ञ, स्वतःही चित्रं काढणारे, २००९ साली मुद्दाम असा एक शो बघायला गेले आणि बाकी प्रेक्षक कॅनव्हासकडे बघत होते तेव्हा ते माहुताकडे बघत राहिले. त्यांनी लिहिलं की माहूत पूर्ण वेळ हत्तीचा कान धरून असतो, कान वर-खाली ओढला की रेघ उभी जाते, बाजूला ओढला की आडवी, आणि प्रत्येक हत्ती दरवेळी तेच ते ठरलेलं चित्र काढतो, ज्याला फूल शिकवलंय तो फूलच काढणार. म्हणजे सोंडेची कसरत हत्तीची, आणि ती काही कमी नाही, एवढ्या मोठ्या जनावराने ब्रश इतका अलगद टेकवणं हे बघण्यासारखंच आहे, पण काय काढायचं, कुठे थांबायचं, कुठला रंग, यातलं काहीच हत्तीने ठरवलेलं नसतं. आणि हे त्याला शिकवताना काय काय केलं जातं ते प्रेक्षकांसमोर घडत नाही.

आता याच्या उलट एक हत्तीण होती, सिरी नावाची, अमेरिकेत सिराक्यूजच्या प्राणिसंग्रहालयात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्या रखवालदाराच्या लक्षात आलं की ही सोंडेत खडा धरून फरशीवर रेघा मारत असते, कोणी सांगितलेलं नाही, कोणी खाऊ दिलेला नाही, एकटी असली की मारते. मग त्याने तिला कागद आणि पेन्सिल दिली. तिने फुलं काढली नाहीत, हत्तीचं चित्रही काढलं नाही, नुसत्या रेघा, वळणं, फराटे. असली चित्रं व्हायरल होत नाहीत कारण त्यात आपल्याला ओळखू येईल असं काही नसतं. माझ्या मते मात्र सिरीच्या त्या रेघांपुढे फुलाचं चित्र फिकं आहे, कारण रेघा तिच्या स्वतःच्या होत्या.

थायलंडच्या बाबतीत अजून एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. १९८९ साली तिथे जंगलतोडीवर बंदी आली, लाकडं ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत एका फटक्यात बेकार झाले, आणि पुढे १९९८ पासून कोमार आणि मेलामिड या मूळच्या रशियातल्या दोन कलाकारांनी तिथे हत्तींना ब्रश धरायला शिकवायची केंद्रं सुरू केली, हेतू हा की चित्रं विकून हत्तींचं पोट चालावं. २००० साली न्यूयॉर्कमधे ख्रिस्टीजने या चित्रांचा लिलावही केला. यात वाईट काय? पैसा खरोखर हत्तींच्या चाऱ्यापाण्याला गेला तर मला काहीच वाईट वाटत नाही. पण मग ती मदत आहे, तसं सांगून करा, खरेदी करणाऱ्याला हे म्हणू नका की हत्तीने मनातलं रंगवलंय.

कोणी म्हणेल की प्राण्यांना कसलं मन आणि कसली कला, हा सगळा माणसांचाच खेळ. मला हे पटत नाही आणि त्याचं कारण काँगो. काँगो हा लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला चिंपांझी, १९५४ चा जन्म, आणि त्याच्यासोबत काम करणारे हेच मॉरिस, तेव्हा तरुण होते. १९५६ मधे त्यांनी त्याच्या हातात पेन्सिल दिली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याने सुमारे ४०० चित्रं केली. १९५७ मधे लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कन्टेम्पररी आर्ट्समधे त्यांचं प्रदर्शन झालं, पिकासोने एक चित्र स्वतःकडे ठेवलं, आणि २००५ साली बॉनहॅम्सच्या लिलावात त्याची तीन चित्रं मिळून १४,४०० पौंडांना गेली. बातम्यांमधे बहुतेक वेळा एवढंच येतं, पिकासो आणि पौंड. खरी गंमत पुढे आहे.

मॉरिस कागदाच्या एका बाजूला आधीच एक चौकोन काढून काँगोला द्यायचे. तर काँगो बऱ्याचदा दुसऱ्या बाजूला रेघा काढायचा, जणू तोल सांभाळायला. त्याचा एक आवडता आकार होता, पंख्यासारखा, खालून वर उघडत जाणारा, तो त्याने पुन्हा पुन्हा काढला आणि त्यात फरकही करत गेला. आणि चित्र चालू असताना मधेच काढून घ्यायचा प्रयत्न केला तर तो चिडायचा, आरडाओरडा करायचा, पण स्वतःचं झालं की मग कितीही आग्रह केला तरी त्याच कागदावर पुढे काढायला तयार नसायचा. मला यातलं शेवटचं सगळ्यात मोठं वाटतं. झालं, आता पुरे, हे कळणं म्हणजे कुठल्याही चित्रकाराला विचारा किती अवघड असतं ते.

आणि अजून एक, मॉरिस यांनीच नोंदवलेलं. दुसऱ्या एका चिंपांझीला प्रत्येक चित्रामागे खाऊ द्यायला सुरुवात केली, तर तो थोड्याच दिवसात कशातरी चार रेघा ओढायचा आणि लगेच हात पुढे करायचा. चित्रातला रस गेला तो गेलाच. म्हणून मी म्हणते की बक्षीस देऊन किंवा कान ओढून काढून घेतलेल्या चित्रात आणि काँगोच्या चित्रात फरक आहे, आणि तो फरक चित्र बघून कळत नाही, कसं काढून घेतलं ते विचारल्यावरच कळतो. तेच तर तुमच्या बातमीत नव्हतं.

(काँगो १९६४ मधे क्षयाने गेला, दहाच वर्षांचा होता. चित्रांच्या किमतीशेजारी हे पण छापावं असं मला वाटतं.)

आता मोठ्या आर्टिस्ट लोकांकडे येते, कारण प्राणी आता प्राणिसंग्रहालयापुरते राहिलेले नाहीत, मोठमोठ्या गॅलऱ्यांमधे, म्युझियममधे येतात, आणि तिथे जास्त गोंधळ आहे. १९६९ मधे यानिस कुनेलिस यांनी रोमच्या एका गॅलरीत १२ जिवंत घोडे भिंतीला बांधून ठेवले आणि तेच प्रदर्शन. कलेच्या इतिहासात ते फार मानाचं काम आहे, मला त्याची ताकद कळते, घोड्यांचा वास, त्यांची उष्णता, पांढऱ्या भिंती, सगळं. पण त्यात घोडे सहभागी होते असं कोणी म्हटलं तर मी वाद घालीन, ते बांधलेले होते. २००० साली डेन्मार्कच्या ट्रॅफोल्ट म्युझियममधे मार्को एव्हारिस्ती यांनी दहा मिक्सर ठेवले, प्रत्येकात पाणी आणि सोनेरी मासे, आणि बटण दाबायचं की नाही ते प्रेक्षकांवर सोडलं. काहींनी दाबलं. म्युझियमच्या डायरेक्टरला दंड झाला, त्याने तो भरला नाही, आणि २००३ मधे कोर्टाने त्याला सोडलं कारण मासे क्षणात मेले, त्यांना त्रास झाला नाही असं धरलं गेलं. तिथे परीक्षा माणसांची होती हे मान्य, पण फी माशांनी भरली.

डेमियन हर्स्ट यांचं १९९१ चं एक काम आहे ज्यात खोलीभर जिवंत फुलपाखरं सोडलेली असतात, आणि ते २०१२ मधे लंडनच्या टेट मॉडर्न म्युझियममधे पुन्हा मांडलं तेव्हा २३ आठवड्यांत ९,००० हून जास्त फुलपाखरं मेली, आणि त्यांच्या जागी दर आठवड्याला नवीन आणून सोडायचे. फुलपाखराचं आयुष्य मुळातच थोडं असतं हे खरं आहे, तरी इतकी मेली यावर मला गप्प बसवत नाही.

आणि जर्मन कलाकार जोसेफ बॉइस? त्यांचं मला आजही ठरवता येत नाही. १९७४ मधे ते न्यूयॉर्कला आले, विमानतळावरून जाडजूड फेल्टमधे (दाबून केलेलं लोकरी कापड) गुंडाळून ॲम्ब्युलन्समधून थेट गॅलरीत, आणि तीन दिवस रोज कित्येक तास एका कोयोटीसोबत (लांडग्यासारखा अमेरिकेतला रानटी प्राणी) एका जागेत राहिले, हातात काठी, अंगावर फेल्ट, जमिनीवर वॉल स्ट्रीट जर्नलचे गठ्ठे. कोयोटी त्या फेल्टचे लचके तोडायचा, पेपरवर मुतायचा, कधी जवळ येऊन बसायचा, कधी पाठ फिरवून खिडकीकडे बघत राहायचा. म्हणजे तो जे करत होता ते कोणी शिकवलेलं नव्हतं, आणि बॉइसना त्याच्या मूडप्रमाणे स्वतःला बदलावं लागत होतं, हे मला खूप महत्त्वाचं वाटतं. पण तो तिथून जाऊ शकत नव्हता हेही तितकंच खरं. त्याचं नाव लिटल जॉन होतं, आणि त्या कामावर इतकं लिहिलं गेलं तरी हे नाव किती जणांना माहीत आहे बघा.

ज्या कामांनी मला आशा वाटते ती बहुतेक छोट्या प्राण्यांबरोबरची आहेत. जपानच्या आकी इनोमाता हर्मिट क्रॅबसाठी घरं बनवतात, म्हणजे हे खेकडे दुसऱ्याचे रिकामे शंख शोधून त्यात राहतात आणि वाढले की घर बदलतात, तर त्यांनी थ्रीडी प्रिंटरने पारदर्शक शंख केले, वर वेगवेगळ्या शहरांच्या इमारती, आणि ते टाकीत ठेवून दिले. बस. आत जायचं की नाही ते खेकड्याने ठरवायचं. खेकडा आत गेलाच नाही तर काम झालंच नाही, आणि त्यांना खऱ्या शंखांचं सीटी स्कॅन करून आतली रचना समजून घ्यावी लागली की खेकड्याला नेमकं काय हवं असतं. बघा, इथे अभ्यास माणसाला करावा लागला, प्राण्याला नाही. त्यांनीच बीव्हरना (दातांनी झाडं कुरतडणारा, पाण्याकाठी राहणारा प्राणी) लाकडाचे ओंडके दिले, बीव्हर आपला दातांनी कुरतडत राहिला, आणि जे आकार निघाले ते शिल्प म्हणून बघण्यासारखे आहेत, कधी कंबरेत बारीक, कधी वळलेले. बीव्हर हे रोजच करतो, त्याच्या दातांची गरज आहे ती. कुरतडायचं कुठे थांबवायचं ते त्याचं त्याने ठरवलं.

दुसरं उदाहरण रेशमाच्या किड्यांचं. २०१३ मधे अमेरिकेच्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात नेरी ऑक्समन आणि त्यांच्या टीमने एक मोठा घुमटासारखा सांगाडा धाग्यांनी विणला आणि त्यावर ६,५०० रेशमाचे किडे सोडले. किडे कुठे दाट विणतील आणि कुठे विरळ ते उजेड, ऊब, जागा यावर ठरत होतं. रेशीम काढताना एरवी किडा कोषातच उकळून मारतात, इथे पृष्ठभाग असा ठेवला की किडे कोष न करता सपाट थर विणत गेले, मग त्यांचे पतंग झाले. कोणी म्हणेल किड्याला काय कळतंय की आपण घुमट बनवतोय. नसेल कळत. पण त्याला मारलं नाही, आणि त्याचं रोजचं काम त्याच्या पद्धतीने करू दिलं, आणि शेवटी जे दिसतं त्यातला अर्धा निर्णय त्याचा आहे, म्हणून मी त्याला सहभागी म्हणेन. तसंच सेलेस्त बुर्सिए-मुझनो या फ्रेंच कलाकाराचं, २०१० मधे लंडनच्या बार्बिकन या कलाकेंद्रात त्यांनी ४० झेब्रा फिंच पक्षी एका दालनात मोकळे सोडले आणि आत इलेक्ट्रिक गिटारी आडव्या लावल्या, पक्षी तारांवर बसला, उडाला, गवताची काडी ओढत नेली की सूर उमटायचा. पक्षी संगीतकार झाला असा दावा त्यात नाही, तो पक्षीच राहिला. दालन बंद होतं हे मला खटकतं, तरी माझ्या हिशोबात हे फुलं काढणाऱ्या हत्तीपेक्षा खूप वरचं काम आहे.

हिशोब म्हणजे काय तर एकच गोष्ट मी बघते, त्या प्राण्याला नाही म्हणता येतं का. पाठ फिरवता येते का, न करता बसून राहता येतं का, आणि त्याने तसं केलं तर आर्टिस्ट ते मान्य करतो का, की कान ओढतो. यावर मला नेहमी सांगितलं जातं की आपण घोडे, बैल, कुत्रे यांना कामाला लावताना कुठे विचारतो, मग कलेलाच का हा नियम. बरोबर आहे, नाही विचारत, तो वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. पण गाडी ओढणाऱ्या घोड्याला कोणी गाडीचा भागीदार म्हणत नाही. कलेत मात्र भिंतीवर पाटी लागते की हे प्राण्याच्या सहभागातून झालंय, त्या पाटीमुळे तिकिटं खपतात, म्हणून पाटी खरी असावी एवढीच अपेक्षा आहे.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दाही येतोच. २०१७ मधे न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममधे चिनी कलेचं मोठं प्रदर्शन होतं, त्यातली तीन कामं प्राण्यांवरून लाखो लोकांनी ऑनलाइन सह्या केल्यावर आणि धमक्या आल्यावर उघडण्याआधीच मागे घेतली गेली. एक सुन युआन आणि पेंग यू यांचं, ज्यात पिट बुल कुत्रे समोरासमोर ट्रेडमिलवर बांधलेले, एकमेकांवर धावून जातायत पण पोचत नाहीत, २००३ च्या कार्यक्रमाचा व्हिडिओ होता तो. धमक्या देणं चूकच, मी त्याचं समर्थन करत नाही. पण त्या कुत्र्यांचं दमणं खरं होतं, थुंकी गळत होती ती खरी होती, तिथे माणसाचं स्वातंत्र्य सांगून विषय संपत नाही. बंदीपेक्षा मला हे आवडलं असतं की त्या व्हिडिओशेजारी कुत्रे कुठून आणले, किती वेळ धावले, नंतर कुठे गेले हे लिहिलेलं असतं, आणि मग लोकांनी ठरवलं असतं.

कायद्याकडून मला फार आशा नाही. इंडोनेशियात सुलावेसीच्या माकडाने २०११ मधे एका ब्रिटिश फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यावर काढलेला सेल्फी सगळ्यांना आठवत असेल, त्यावर अमेरिकेत माकडाच्या नावाने कॉपीराइटची केस झाली. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने २०१४ मधेच लिहून ठेवलंय की माकडाने काढलेला फोटो किंवा हत्तीने रंगवलेलं भित्तिचित्र याची नोंद होणार नाही, आणि २०१८ मधे अपिलाच्या कोर्टानेही माकडाला असा हक्क नाही असंच सांगितलं. त्याआधी २०१७ मधे फोटोग्राफरने तडजोडीत कबूल केलं की त्या फोटोंच्या पुढच्या कमाईतला २५ टक्के भाग अशा माकडांच्या रक्षणासाठी देईन. मला हक्काच्या वादापेक्षा हे २५ टक्के जास्त कामाचे वाटतात. माकडाला सही नको आहे, त्याला जंगल हवंय.

आणि सौंदर्याची जाण फक्त माणसाला असते असं ज्यांना ठाम वाटतं त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॉवरबर्ड या पक्ष्याबद्दल वाचावं. नर काड्यांचं दालन बांधतो आणि समोर अंगणात खडे, हाडं, शंख मांडतो, लहान जवळ आणि मोठे लांब, असे की आत उभ्या असलेल्या मादीला सगळं एकसारखं दिसावं. जॉन एंडलर या शास्त्रज्ञाच्या टीमने ही मांडणी उलटी करून ठेवली, तर पक्ष्यांनी थोड्याच दिवसात परत आपल्या मनासारखी करून घेतली. कोणाचाही हात नाही, कान धरायला कोणी नाही, प्रेक्षक म्हणून फक्त ती मादी.

तर संपादक साहेब, माझी विनंती साधी आहे. प्राण्यांच्या कलेच्या बातम्या नक्की द्या, भरपूर द्या, मी स्वतः आवडीने वाचते. पण फोटो एजन्सीकडून आला म्हणून तसाच लावू नका. त्यासोबत तो प्राणी कुठला, त्याचं नाव असेल तर नाव, हे तो आपणहून करतो की शिकवलंय, शिकवलं असेल तर कसं, कार्यक्रम नसतो तेव्हा तो कुठे आणि कोणासोबत राहतो, आणि चित्राचा पैसा कोणाकडे जातो, एवढं विचारून लिहा. एजन्सीला किंवा गॅलरीला एक ईमेल केला तरी यातलं बरंच कळतं, आणि त्यांनी उत्तर दिलं नाही तर उत्तर मिळालं नाही हेही छापा. जागा कमी पडत असेल तर फोटो लहान करा, पण ही माहिती कापू नका. आणि त्या माणसाला फोटोतून अर्धा कापू नका, पूर्ण दिसू द्या.

आपली,
पुरवणीची नियमित वाचक